रिफाचा फोन

"झालं का रे भाऊ?" गच्चीच्या दारातून शेवंतीनं विचारलं.

"होतंय, बाय," शिवदास म्हणाला, आणि झालेलं काम आणखी पाच मिनिटं करत बसला.

काम तसं काहीच नव्हतं. बहरीनमधल्या रिफा गावातल्या त्या बंगल्याच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती आणि तिच्यात पाणी तापवायची माणसाएवढी उंच टाकी. टाकीच्या पोटावर लोखंडी झाकण, झाकणाला दोन स्क्रू. स्क्रू काढायचे, झाकण बाजूला करायचं, आत बोटाच्या पेराएवढं लाल बटण वर आलेलं असे ते दाबायचं. टक. दिवा लागे, पाणी तापायला लागे. सगळं मिळून दोन मिनिटं. पण मनामाहून, बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीतल्या दुकानातून, एवढ्या लांब व्हॅन हाकत आलेल्या मिस्त्रीनं दोन मिनिटांत परत फिरायचं हे शिवदासच्या मनाला पटत नसे. म्हणून तो तारा हलवून बघे, पान्यानं पाइप वाजवून बघे, टाकीला कान लावून गंभीरपणे मान हलवे. खाली स्वयंपाकघरात चहा उकळत असे. तो गाळायच्या बेतात आला की याची तपासणी बरोबर पुरी होई.

१९८१ सालचा डिसेंबर होता आणि ही चौथी खेप होती.

हत्यारांच्या पिशवीच्या तळाशी, जुन्या फडक्यात गुंडाळलेलं एक पांढरं खोकं होतं. त्यात नवा कोरा थर्मोस्टॅट होता, याच टाकीसाठी मागवलेला. पहिल्या खेपेनंतर आठच दिवसांनी तो दुकानात आला आणि शिवदासनं तो सही करून ताब्यात घेतला. दुसऱ्या खेपेला तो बसवला असता तर तिसरी खेप झालीच नसती. चौथीही झाली नसती. मुंबईत आणि इथं मिळून पंचवीस वर्षं गरम पाण्याच्या टाक्यांशी झटलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको होतं. त्यानं झाकण लावलं, दोन्ही स्क्रू घट्ट आवळले, खोकं पिशवीत आणखी खाली ढकललं आणि तो चहा प्यायला उतरला.

शिवदास धोपाव्याचा, गुहागर तालुक्यातला. माझगावच्या एका बॉयलरच्या कारखान्यात शिकला आणि शहात्तर साली बहरीनला आला. दुसऱ्याच वर्षी गावाकडे त्याची बायको, सत्यवती, तीन दिवसांच्या तापानं गेली. मुलगी मंगला लग्न होऊन चिपळूणला नांदत होती. दिवाळीला तिचं पत्र येई, त्यात सगळे खुशाल असत. दोन वर्षांनी मिळणारी सुट्टी गेल्या खेपेला त्यानं घेतलीच नव्हती. घराचं कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं, आठ दिवस ओटीवर बसायचं आणि पुन्हा कुलूप लावायचं, एवढ्यासाठी विमानात कशाला बसायचं? तो दुकानाच्या माडीवर खेडच्या कमालबरोबर राही. कमाल त्याच दुकानात स्टोअर सांभाळायचा आणि फोन घ्यायचा. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या घरून दर महिन्याला आवाज भरलेली कॅसेट येई. बायको, पाच पोरं, म्हातारी आई, मागं कोंबड्यासुद्धा. कॅसेट लागली की शिवदास काहीतरी आणायचं निमित्त काढून खाली उतरे. त्या हसण्याबोलण्यात आपण उगाच मध्ये बसलोय असं त्याला होई.

रिफाला पहिल्यांदा गेला तेव्हा गच्चीवर गंजलेला स्क्रू निघेना म्हणून त्यानं स्क्रूला एक अस्सल कोकणी शिवी हासडली. मागं कुणीतरी खुदकन हसलं. वळून बघतो तो कपडे वाळत घालणारी पंचावन्नेक वर्षांची बाई, ओढणी कपाळापर्यंत, हातात चिमटे.

"खयचा रे तू?" ती म्हणाली.

"धोपाव्याचा."

"अगो बाय माझे! मी दाभोळची!"

दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये एक खाडी. या काठावर हाक मारली तर वारा असेल तेव्हा त्या काठावर ऐकू जाते. शेवंतीचा नवरा तिथंच तरीवर, उतारूंच्या होडीवर, होता, तो वारल्यावर ती मुंबईला कुणा अरबी कुटुंबाकडे आया म्हणून लागली आणि त्यांच्याबरोबर इथं आली. आता त्या घरातली म्हातारी हलिमा तेवढी बंगल्यात राही. लेक, सुना जवळच होत्या, नातवंडं येऊन जाऊन असत. घरातल्या मोठ्या बाईला इकडे कामवाल्या बायका 'मामा' म्हणतात, तसं शेवंती तिला 'मामा' म्हणायची. दोघींचं अरबी, हिंदी आणि हातवारे यांवर अकरा वर्षं छान चाललं होतं. मराठी मात्र अकरा वर्षं तोंडातच राहिलेलं. ते त्या दिवशी धो धो बाहेर पडलं. तरीचा तांडेल कोण होता, कुठल्या कोंडाला भुताटकी आहे, यंदा कुळीथ कसा झाला असेल. निघताना तिनं त्याला कुळथाची पिठी आणि भात वाढला. शिवदास जेवला आणि व्हॅनमध्ये बसून जरा वेळ गाडी चालूच करीना.

त्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "ही टाकी सारखी बंद का पडते रे?" आणि शिवदासला कधी नव्हे तो ऐकणारा माणूस मिळाला.

"हिच्या राखणीला दोघं असतात बघ," तो म्हणाला होता. "पहिला हा थर्मोस्टॅट. पाणी तापलं की बंद करायचं, निवलं की चालू करायचं, दिवसभर हेच. पण कधी कधी हा चिकटून बसतो, बंद करायला विसरतो. पाणी तापतच जातं. तेव्हा हा दुसरा उठतो, लाल बटणवाला. याच्यात दोन धातूंची एक चकती हाय, एकमेकांना चिकटवलेली. एक धातू तापला की जास्त पसरतो, दुसरा कमी. मग चकती वाकत वाकत जाते आणि एकदम उलटते. पत्र्याच्या डब्याचं झाकण अंगठ्यानं दाबलं की कसं टक्कन आत जातं? तसं. ती उलटली की करंट तुटला."

"मग निवल्यावर आपला आपण चालू होत नाय?"

"पहिला होतो. हा नाय होत. हा हटून बसतो. माणसानं यायला पायजे, झाकण काढून बघायला पायजे काय बिघडलंय, मग हातानं बटण दाबायचं. तवर हा ऐकायचा नाय."

"म्हणजे रुसतो."

"रुसतोच म्हण," शिवदास हसून म्हणाला, आणि हातोडीच्या लाकडी दांड्यानं त्यानं बटण दाबून दाखवलं. "बाजूच्या तारांत करंट असतो. लाकडातून तो येत नाय."

काय गरज होती एवढं सांगायची? पण माणूस बोलायला लागला की कुठं थांबायचं ते त्याला कळत नाही. आणि शिवदास तर वर्षानुवर्षं बोललाच नव्हता.

जानेवारीच्या सुरवातीला पाचवी खेप झाली आणि त्या संध्याकाळी कमालनं त्याला स्टोअरमध्ये अडवलं.

"शिवदास, रिफाचा थर्मोस्टॅट तू नोव्हेंबरात नेलास. मग रिफाचा फोन सारखा कसा येतोय? नवा पार्ट पण खराब निघाला काय? तसं असेल तर मना परत दे, धाडून देतंय."

"खराब नाय."

"मग?"

शिवदास पिशवीचा पट्टा चाळत उभा राहिला. कमालनं त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि त्याच्या मिशीत हसू आलं. "कोण हाय रे त्या घरात?"

"एक म्हातारी हाय. आणि दाभोळची एक बाय हाय, माझ्याहून मोठी. मराठी बोलते. पिठी करते."

कमालचं हसू आपोआप मावळलं. त्यानं वही मिटली. "पार्ट बसव बाबा," तो हळूच म्हणाला. "आगीशी खेळ बरा नाय."

शिवदासला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या फोनला जायचं आणि पहिल्या झूट थर्मोस्टॅट बदलायचा, असं त्यानं त्याच वेळी ठरवलं. अगदी सत्यवतीची शपथ घेऊन ठरवलं.

आणि फोन आलाच नाही.

आठवडा गेला, दोन गेले. त्या वर्षी उत्तरेचा शमाल वारा असा सुटला की चौकातले म्हातारे अरबसुद्धा कोटाची कॉलर वर करून बसत. सगळ्या बेटावर गरम पाण्याची मागणी. मुहर्रकहून फोन, ईसा टाउनहून फोन, हूराहून फोन. शिवदास सकाळी स्टोअरच्या दारात उभा राहून विचारे, "रिफाचा फोन?"

"नाय," कमाल सांगे.

सुरवातीला त्याला चुटपुट लागली, मग राग आला. दुसऱ्या कंपनीला काम दिलं असणार. कुणी पोरगेला मिस्त्री दोन मिनिटांत काम उरकून, चहाला नको म्हणून निघून गेला असणार. शेवंतीनं त्यालाही पिठी वाढली की काय? या कल्पनेनं एक अख्खा दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. आपण जाऊन पार्ट बसवून यावं, असं चारदा मनात आलं. पण तक्रार नसताना मिस्त्रीनं कुणाच्या दारात जायचं तरी कसं? अरबाच्या घरात बाईमाणसं. 'सहज आलो होतो' हे सांगायची तिथं सोय नव्हती. शिवाय गेलो आणि खरंच दुसऱ्यानं बदललेला असला तर? असे पाच आठवडे गेले.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी तो अस्करला गेला. ॲल्युमिनियमच्या कारखान्याजवळ कामगारांच्या बराकी होत्या, तिथल्या न्हाणीघरातल्या टाकीला गळती लागली होती. बराकीचा मुकादम राजन म्हणून होता. गळती बंद करता करता शिवदासला जाणवलं, की पाण्याला हात लावता येत नाहीय. त्यानं झाकण काढलं. लाल बटण खाली होतं, म्हणजे सगळं ठीक. पण टाकी तर उकळायला आलेली. त्यानं मेन बंद करून तो लाल बटणवाला, म्हणजे कटआउट, बाहेर काढला. पुन्हा पुन्हा तापून तुटून त्याच्या आतले पॉइंट काळे पडले होते आणि एकमेकांना वितळून चिकटले होते. चकती कितीही उलटो, करंट तुटणार कुठून?

"ये पहले बहुत बार बंद होता था," राजन मागून म्हणाला. "अभी एक महीने से कुछ कंप्लेंट नहीं. अच्छा हो गया ना?"

शिवदास तो काळा तुकडा हातात धरून तसाच उभा राहिला. रिफाच्या टाकीचा नवा थर्मोस्टॅट पायाशी पिशवीत पडला होता. म्हणजे तिथं जुनाच होता, चिकटणारा. आणि तिथूनही पाच आठवडे तक्रार नव्हती. इतके दिवस आपण रुसून बसलो होतो, आणि तिथं राखणीचं कुणीच उरलं नसलं तर?

राजनच्या ऑफिसातून त्यानं रिफाला फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. व्हॅनमध्ये नवे कटआउट दोन होते. एक त्यानं घाईघाईनं अस्करच्या टाकीला बसवला आणि दुसरा खिशात घालून व्हॅन सोडली. रस्ताभर त्याला ती टाकी दिसत होती आणि तिच्या खालीच असलेलं स्वयंपाकघर दिसत होतं.

दार शेवंतीनंच उघडलं. खांद्यावर टॉवेल, कडेवर हलिमाची चार वर्षांची नात नसीबा, अंगात नुसती चड्डी.

"आलास व्हय! मी म्हटलं, विसरलास. फोन वाजत होता तेव्हा हिला धरायला धावत होते मी. बस, हिला न्हाऊ घालते आणि—"

"नळ सोडलास?"

"आता सोडते. आज काय पाणी तापलंय सांगू! नळातून वाफच—"

शिवदास तिला बाजूला सारून आत गेला. या घरात तो असा कधी शिरला नव्हता. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या बोर्डावरचा टाकीचा खटका त्यानं खाली पाडला. "कुणी नळाला हात लावायचा नाय. कुणीच नाय. मामाला सांग. पोरीला कपडे घाल आणि तिकडच्या खोलीत ने सगळ्यांना."

त्याचा आवाज ऐकून शेवंती काही न विचारता वळली.

गच्चीवरच्या खोलीच्या बाहेरूनच टाकीची गुरगुर ऐकू येत होती. भाताचं आधण चुलीवर विसरलं की जसा आवाज येतो तसा, फक्त शंभर पट मोठा. दाब सोडायच्या नळीतून फुसफुसत वाफ येत होती. ही नळी तरी क्षारानं बुजली नव्हती हे नशीब. खाऱ्या पाण्याच्या या बेटावर ती निम्म्या घरांत बुजलेलीच असते. शिवदासनं खोलीचं दार उघडं टाकलं आणि तो लांब गच्चीच्या कठड्याला टेकून उभा राहिला. गुरगुर हळूहळू खाली आली तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला.

मग त्याचं लक्ष झाकणाकडे गेलं. ते एकाच स्क्रूवर लोंबकळत होतं. स्क्रूची डोकी बोथट सुरीनं खरवडावीत तशी खरवडलेली. बाजूच्या फळीवर एक लाकडी पळी होती.

शेवंती वर आली. "काय झालं रे?"

"हे कुणी उघडलं?"

"मी." तिनं सरळ सांगितलं. "टाकी बंद पडायची. सकाळी नमाजाच्या आधी मामाला हातपाय धुवायला गरम पाणी लागतं. दर वेळी तुला फोन करायचा, तू एवढ्या लांबनं धावत यायचंस. तुझा साहेब ओरडत असेल, म्हटलं, सारखं सारखं काय रिफाला जातोस. तू दाखवलं होतंस ना कसं दाबायचं? भाजीच्या सुरीनं स्क्रू काढले. पळीच्या दांड्यानं दाबलं. लाकडानंच हो, हात नाय लावला."

"किती वेळा?"

"आधी आठवड्यातनं दोनदा. मग रोजच. कधी दिवसातनं दोनदापण." ती जराशी अभिमानानं हसली. "आता तर पंधरा दिवस झाले, दाबायलासुद्धा लागत नाय. म्हटलं, सुधारली."

शिवदास मटकन खाली बसला. त्याला त्रास नको म्हणून ही बाई रोज पहाटे, अंधुक उजेडात, उघड्या तारांत पळीचा दांडा घालत होती. ओढणीचं टोक लागलं असतं. ओला हात लागला असता. आणि तो पाच आठवडे तिच्यावर रागावून बसला होता.

"काय रे? बरं नाय वाटत? पाणी आणू?"

"बस, बाय. टाकी निवायला दोन तास लागतील. बस जरा."

ती दारातल्या उलट्या बादलीवर बसली. शिवदासनं पिशवीतून पांढरं खोकं काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटसुलट केलं.

"हा याचा पार्ट. थर्मोस्टॅट. हा बसवला की टाकी बंद पडत नाय, लाल बटण वर येत नाय, काय नाय. पाच-सात वर्षं बघायला लागत नाय."

"मग बसव की. आज आला व्हय?"

"नोव्हेंबरात आला."

शेवंतीनं खोक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. खाली नसीबा आजीजवळ काहीतरी हट्ट करत होती, तिचं अरबी ओरडणं वरपर्यंत येत होतं.

"म्हणजे तू मुद्दाम ठेवलास?"

"व्हय."

"कशाला?"

हे बोलायचं कसं? पन्नाशीला आलेल्या माणसानं, हातात पाना धरून? "बसवला असता तर परत यायला कारण काय होतं, बाय?" तो म्हणाला. "तू भाऊ म्हणतेस. जेवलास का विचारतेस. मला कोण विचारत नाय." तो उगाचच पान्याचं तोंड फिरवत बसला.

शेवंतीनं खोकं मांडीवर ठेवलं. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"पोरगी न्हाणार होती रे त्या पाण्यात," एवढंच ती म्हणाली.

"म्हायती हाय."

"मीपण मूर्खच. हात घातला त्याच्यात." मग थोड्या वेळानं, ओढणीनं नाक पुसत, "अरे, नुसतं यायचंस की. बिघाड कशाला पायजे होता?" आणि लगेच तिनंच मान हलवली. "नाय, खरं हाय. नुसतं कोण येऊ देईल तुला. मलापण कोण बसू देईल?"

वारा पडला होता. दोघंही दाभोळच्या धक्क्यावर तरीची वाट बघणाऱ्या उतारूंसारखी टाकी निवायची वाट बघत बसली. मध्येच तिनं विचारलं, सत्यवती कशानं गेली. त्यानं सांगितलं. हे त्याला इथं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

टाकी निवली. शिवदासनं जुना थर्मोस्टॅट काढला, नवा बसवला. जळका कटआउट काढला, नवा बसवला. तारांना नवं इन्शुलेशन चढवलं, झाकणाला नवे स्क्रू घातले, दोनाऐवजी चार. या वेळी त्यानं पाइप वाजवला नाही की टाकीला कान लावला नाही. काम होतं तेवढंच केलं आणि ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात नीट काम होतं.

"आता हे सुरीनं निघायचं नाय," तो म्हणाला. "कधी बंद पडली तर फोन कर. हात लावू नकोस. शपथ घे माझ्या गळ्याची."

"घेतली. आणि नाय बंद पडली तर?"

"नाय पडली तर बरंच."

चहा झाला. कामाच्या कार्डावर हलिमानं अंगठा उठवला आणि त्याला मूठभर खजूर दिले, "शुक्रन, यब्नी", आभारी आहे लेका, असं म्हणाली. तिला काय झालं होतं ते कळलंच नव्हतं. शेवंती फाटकापर्यंत आली. पुडीत बांधलेलं कुळथाचं पीठ तिनं व्हॅनच्या खिडकीतून आत ठेवलं. "तिकडं त्या तुझ्या खेडवाल्याला येते का पिठी करायला? शिकव. कोकम घालायला विसरू नको म्हणावं." मग ती वळून आत गेली आणि फाटक लागलं.

दुकानात आल्यावर शिवदासनं कार्डावर स्वतःच्या हातानं लिहिलं, की हा पार्ट नोव्हेंबरात बसवायचा होता, बसवला नाही, चूक माझी. कमालनं वाचलं.

"हे लिहायची काय गरज? कुणाला काय झालं नाय. दे, मी दुसरं कार्ड करतंय."

"नको. राहू दे."

"नोकरी जाईल रे. व्हिसा जाईल."

"जाऊ दे."

सुपरवायझर ताहिरसाहेबांनी ते कार्ड दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. "शिवदास, तुम इतना पुराना आदमी," ते म्हणाले. "किसी ने पूछा भी नहीं था." त्यांनी त्याला काढलं नाही. पण रिफाची आणि घरगुती कामं त्याच्याकडून काढून घेतली आणि त्याला कायमचा अस्करच्या बराकींवर टाकला. तिथं दोनशे माणसं आंघोळ करत आणि कुणी मिस्त्रीला चहा विचारत नसे.

त्याची शिवदासला तक्रार नव्हती. पीठ महिनाभर पुरलं. कमालनं पिठी केली, कोकम जास्त पडलं, तरी दोघांनी चाटूनपुसून खाल्ली. पुढं एकदा कॅसेट लागली असताना शिवदास खाली उतरला नाही. कमालच्या बायकोनं, आबिदानं, शेवटी 'शिवदासभावजींना सलाम' म्हटलेलं होतं. ती म्हणे दर वेळी म्हणत असे.

त्र्याऐंशीचा हिवाळा आला, मग चौऱ्याऐंशीचा. शमाल सुटला की सगळ्या बेटावरून फोन यायला लागत. अशा सकाळी शिवदास अस्करला निघायच्या आधी स्टोअरच्या दारात थांबे. रिफाचा फोन आला असता तरी तिथं आता दुसरं कुणी गेलं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवंती अजून तिथं आहे की दाभोळला परत गेली, हेही त्याला कळायला मार्ग नव्हता. तरी तो थांबे. पुढं पुढं तर त्यानं काही विचारायच्या आधीच कमाल वहीतून मान वर करी.

"नाय," कमाल म्हणे.

"बरं झालं," शिवदास म्हणे, आणि पिशवी खांद्याला अडकवून व्हॅनकडे जाई.